अमेरिकेतील ‘सेक्शन ८’ घरभाडे साहाय्य: पात्र कोण ठरते, आणि पात्र ठरूनही थांबावे का लागते

अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घरभाड्यासाठी केंद्र सरकारकडून मिळणारे सर्वांत मोठे साहाय्य म्हणजे ‘हाउसिंग चॉइस व्हाउचर’. बोलण्यात मात्र सगळे त्याला ‘सेक्शन ८’ म्हणतात, कारण १९३७ च्या गृहनिर्माण कायद्यात १९७४ साली जे आठवे कलम नव्याने घालण्यात आले, त्यातून ही योजना उभी राहिली. आज सुमारे २३ लाख कुटुंबे या व्हाउचरवर राहतात. कुटुंबाने खाजगी घरमालकाचे घर स्वतः शोधायचे, आपल्या ऐपतीनुसार भाड्याचा एक हिस्सा भरायचा आणि उरलेला हिस्सा सरकारच्या वतीने ‘हाउसिंग अथॉरिटी’ने, म्हणजे ही योजना चालवणाऱ्या स्थानिक सरकारी संस्थेने, थेट घरमालकाला द्यायचा, अशी तिची रचना आहे.

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमधल्या मराठी घरांत हा विषय बहुधा आईवडिलांच्या निमित्ताने निघतो. मुलाने किंवा मुलीने त्यांना ग्रीन कार्डावर बोलावून घेतलेले असते, काही वर्षे एकत्र गेलेली असतात आणि मग कधी जागेच्या अडचणीमुळे, कधी मुलाची नोकरी गेल्यामुळे, तर कधी केवळ स्वतंत्र राहण्याच्या इच्छेमुळे त्यांना वेगळ्या घराची गरज भासते. संसार मोडल्यावर मुलांना घेऊन एकटी राहू लागलेली स्त्री किंवा दुकानात तासाच्या मजुरीवर राबणारे जोडपे यांच्याही पुढे हाच प्रश्न उभा राहतो. अशा वेळी ‘आपल्याला मिळत नाही’ किंवा ‘अर्ज केला की मिळते’ अशी दोन टोकाची उत्तरे ऐकू येतात, आणि ती दोन्ही चुकीची आहेत.

चुकीची अशासाठी, की ही मदत हक्काच्या स्वरूपाची नाही. अमेरिकेत अन्नसाहाय्याच्या, म्हणजे फूड स्टॅम्पच्या, नियमांत जो बसतो त्याला ती मदत मिळते. घरभाड्याच्या बाबतीत तसे नाही. संसद दरवर्षी ठरावीक रक्कम मंजूर करते, त्या रकमेत जेवढी व्हाउचर बसतील तेवढीच चालतात, आणि नियमांनुसार पात्र असलेल्या दर चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच केंद्र सरकारचे कोणते ना कोणते भाडेसाहाय्य प्रत्यक्षात मिळते. त्यामुळे पात्र असणे, यादीत नाव लागणे आणि व्हाउचर हातात आल्यावर ते चालणारे घर सापडणे, हे तीन वेगवेगळे टप्पे मानून त्यांचा विचार केला, तर नियम समजायला सोपे जातात.

उत्पन्नाची मर्यादा

संपूर्ण देशासाठी उत्पन्नाचा एकच आकडा नाही. केंद्राचा गृहनिर्माण व नगरविकास विभाग, ज्याला सगळे ‘हड’ म्हणतात, दरवर्षी प्रत्येक महानगर क्षेत्राचे आणि काउंटीचे (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाचे) मध्यम कौटुंबिक उत्पन्न जाहीर करतो. म्हणजे त्या भागातील निम्मी कुटुंबे ज्याच्या खाली आणि निम्मी ज्याच्या वर कमावतात, तो आकडा. व्हाउचरसाठी कुटुंबाचे उत्पन्न सामान्यतः या आकड्याच्या ५० टक्क्यांच्या आत असावे लागते. ही मर्यादा चार माणसांचे कुटुंब धरून काढलेली असते आणि कुटुंब लहान असेल तर ती खाली, मोठे असेल तर वर सरकते: एकट्या माणसासाठी चौघांच्या मर्यादेच्या ७० टक्के, दोघांसाठी ८० टक्के, तिघांसाठी ९० टक्के, पाच जणांसाठी १०८ टक्के. समजा एखाद्या काउंटीचे मध्यम उत्पन्न वर्षाला १,००,००० डॉलर आहे; तर तेथे ढोबळमानाने चौघांच्या कुटुंबाची मर्यादा ५०,००० डॉलर, म्हाताऱ्या जोडप्याची ४०,००० डॉलर आणि एकट्या विधवेची ३५,००० डॉलर होईल. हीच माणसे स्वस्ताईच्या काउंटीत राहत असतील, तर त्याच उत्पन्नावर ती अपात्र ठरू शकतात. म्हणून ओळखीच्या कुटुंबाला दुसऱ्या राज्यात मदत मिळाली किंवा नाकारली गेली, यावरून आपल्याविषयी काहीच ठरवू नये.

या मर्यादेच्या आत आणखी एक रेषा आहे, आणि प्रत्यक्षात तिचेच वजन जास्त. दरवर्षी नव्याने दिल्या जाणाऱ्या व्हाउचरपैकी किमान ७५ टक्के व्हाउचर ‘अत्यंत कमी उत्पन्न’ असलेल्या कुटुंबांना द्यावी लागतात. मध्यम उत्पन्नाच्या ३० टक्के किंवा केंद्राची दारिद्र्यरेषा, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती या गटाची मर्यादा. मध्यम उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांवर असलेले कुटुंब कागदोपत्री पात्र असले, तरी त्याच्या वाट्याला येणारी व्हाउचर मुळात थोडी असतात.

उत्पन्नाची ही चाचणी प्रवेशाच्या वेळची आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. व्हाउचर मिळाल्यावर पगार वाढला म्हणून लगेच घर सोडावे लागत नाही. उत्पन्नाबरोबर कुटुंबाचा हिस्सा वाढत जातो, सरकारचा कमी होत जातो, आणि तो शून्यावर येऊन सलग १८० दिवस तसाच राहिला की साहाय्य आपोआप संपते. पगारवाढ नाकारण्याचे किंवा ती लपवण्याचे कारण या रचनेत नाही. लपवलेली पगारवाढ मात्र नंतर साहाय्य गमावण्याचे कारण होऊ शकते.

उत्पन्न म्हणजे नेमके काय

घरातील सर्व प्रौढांचा पगार, धंद्याचे निव्वळ उत्पन्न, सोशल सिक्युरिटी, पेन्शन, बेकारी भत्ता, व्याज हे सारे त्यात येते, आणि ते अमेरिकेत मिळते की भारतात याने फरक पडत नाही. एसटी महामंडळातून निवृत्त झालेल्या वडिलांचे किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आईचे निवृत्तिवेतन पुण्या-साताऱ्याच्या बँकेत जमा होत असले, तरी ते डॉलरमध्ये रूपांतरित करून सांगावे लागते. अठरा वर्षांखालील मुलांची कमाई, फूड स्टॅम्प, आजारी माणसाच्या सेवेसाठी घरात राहणाऱ्या मदतनीसाचा पगार आणि दुसऱ्यांची मुले सरकारच्या वतीने सांभाळण्यासाठी (फॉस्टर केअर) मिळणारी रक्कम उत्पन्नात धरत नाहीत.

मराठी कुटुंबांना सर्वाधिक अडचणीचा ठरणारा नियम घराबाहेरून येणाऱ्या नियमित पैशांचा आहे. आईवडील वेगळे कुटुंब म्हणून अर्ज करतात तेव्हा मुलगा त्यांच्या घरात राहत नसल्यामुळे त्याचा पगार त्यांच्या उत्पन्नात मिळवला जात नाही. परंतु तो दर महिन्याला ५०० डॉलर त्यांच्या खात्यात भरत असेल, तर वर्षाचे ६,००० डॉलर हे त्यांचे उत्पन्न मानले जाते. आपल्याकडे मुलाने आईवडिलांना पैसे देणे ही सांगण्यासारखी गोष्टच वाटत नाही, त्यामुळे अर्जात ती लिहायची राहून जाते. बँकेच्या विवरणपत्रात मात्र ती दर महिन्याला दिसते. दिवाळीला किंवा वाढदिवसाला कधीतरी दिलेल्या भेटीचा प्रश्न वेगळा आहे. नियम बोट ठेवतो ते नियमितपणावर.

हिशेबासाठी या एकूण उत्पन्नातून काही वजावटी मिळतात. प्रत्येक अवलंबित मुलामागे वर्षाला ४८० डॉलर ही जुनी रक्कम आहे. कुटुंबप्रमुख किंवा जोडीदार ६२ वर्षांचा वा त्याहून मोठा, किंवा दिव्यांग असेल, तर आधी ४०० डॉलर मिळत आणि २०१६ च्या कायद्यावरून आलेल्या नव्या नियमांत ही रक्कम ५२५ डॉलर झाली. या दोन्ही रकमा आता महागाईनुसार वाढत जातात. वृद्ध व दिव्यांग कुटुंबांना औषधोपचाराच्या मोठ्या खर्चाचीही वजावट मिळते, मात्र उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांवर जाणाऱ्या खर्चापुरतीच. ही पायरी पूर्वी ३ टक्के होती, नव्या नियमांत ती १० टक्के केली गेली. ज्यांचा महिन्याचा औषधांचा खर्चच काहीशे डॉलर आहे, अशा म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने हा बदल कठोर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावची जमीन, पुण्याचा फ्लॅट

अनेक दशके या योजनेत मालमत्तेची कमाल मर्यादाच नव्हती. मालमत्तेपासून मिळणारे उत्पन्न तेवढे मोजले जाई. २०१६ च्या कायद्याने ती मर्यादा आणली. नव्याने प्रवेश घेणाऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता १,००,००० डॉलरपेक्षा जास्त नसावी, आणि कुटुंबाला राहता येईल असे स्वतःचे घर त्याच्या मालकीचे नसावे, अशा या दोन अटी आहेत. मर्यादेची रक्कम महागाईनुसार वाढते आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने झाली आहे, त्यामुळे अर्जाच्या वेळी आपल्या हाउसिंग अथॉरिटीने कोणता आकडा आणि कोणते नियम लागू केले आहेत, हे तिच्याकडूनच विचारून घ्यावे.

भारतातील मालमत्तेचा प्रश्न इथे थेट उभा राहतो, म्हणून तो जरा सविस्तर पाहू. आईवडिलांच्या नावावर कोथरूडला फ्लॅट आहे आणि ते न्यू जर्सीतील एडिसनमध्ये व्हाउचरसाठी अर्ज करत आहेत, असे समजा. मालकीचे घर असण्याची अट पाहताना त्या घरात राहण्याचा आणि ते विकण्याचा कायदेशीर अधिकार आहे का, आणि ते कुटुंबाच्या दृष्टीने राहण्यायोग्य आहे का, हे दोन्ही तपासतात. कामाच्या किंवा शाळेच्या ठिकाणापासून घर फार दूर असणे ही नियमाने मान्य केलेली अडचण आहे. तेव्हा हजारो मैलांवरचा फ्लॅट या अटीतून सुटण्याची शक्यता बरीच आहे. तरीही कर्ज आणि विक्रीचा खर्च वजा जाता राहणारी त्याची किंमत एकूण मालमत्तेत धरली जाते, आणि पुण्यातील आजच्या दरांनी एक फ्लॅटच मर्यादा ओलांडू शकतो.

वडिलोपार्जित शेतीचे उत्तर याहून निराळे येऊ शकते. मालमत्ता ज्या ठिकाणी आहे तेथील कायद्यानुसार ती विकण्याचा परिणामकारक अधिकार कुटुंबाला नसेल, तर ती निव्वळ मालमत्तेत धरू नये, असे नियम सांगतो. सातबाऱ्यावर चार भाऊ आणि दोन बहिणींची नावे आहेत, वाटप झालेले नाही, त्यावर दिवाणी दावा चालू आहे, अशी स्थिती असेल, तर तिचे पुरावे इंग्रजी अनुवादासह जोडण्यात अर्थ आहे. आपला हिस्सा विकता येतो की नाही हा मुद्दा तेथील कायद्याने ठरतो, त्यामुळे गावाकडच्या वकिलाचे पत्र इथे उपयोगी पडते. जमिनीचा उल्लेखच न करणे हा मार्ग नाही, कारण अर्जावरची सही खोट्या माहितीच्या शिक्षेची जाणीव देऊनच घेतलेली असते.

अर्ज करायच्या आधी फ्लॅट पुतण्याच्या नावे बक्षीसपत्राने करून टाकू, असा विचारही काही घरांत होतो. बाजारभावापेक्षा कमी किमतीत किंवा फुकट दिलेली मालमत्ता पुढची दोन वर्षे तुमचीच समजून मोजली जाते. अमेरिकेतील ४०१-के किंवा आयआरए यांसारखी निवृत्तीची खाती नव्या नियमांत मालमत्तेतून वगळलेली आहेत; ही सूट अमेरिकी करखात्याने मान्य केलेल्या निवृत्ती योजनांना आहे, म्हणून भारतातील पीपीएफ किंवा बँकेतील मुदतठेवींना ती लागू होईल असे गृहीत धरू नये.

कुटुंब कोणाला म्हणायचे, आणि कोणाचा दर्जा चालतो

कुटुंबाची व्याख्या उदार आहे. एकटा माणूस, मुले नसलेले जोडपे, लग्न न केलेले सोबती, आजी आणि नातू, यांपैकी कोणीही कुटुंब म्हणून अर्ज करू शकते. एकटी गर्भवती स्त्री घराचा आकार ठरवताना दोन माणसांचे कुटुंब मानली जाते.

स्थलांतरितांच्या दर्जाचा नियम मात्र बारकाईने वाचावा लागतो. तो १९८० च्या गृहनिर्माण कायद्याच्या २१४ व्या कलमातून आला आहे. अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित, आश्रय मिळालेले लोक आणि अशाच काही ठरावीक गटांतील माणसांना साहाय्य मिळू शकते. नोकरीसाठीचे एच-१बी व एल-१, एच-१बीधारकाच्या जोडीदाराचा व मुलांचा एच-४, विद्यार्थ्यांचा एफ-१ आणि सहा महिन्यांसाठी येणाऱ्या पाहुण्या आईवडिलांचा बी-२ हे व्हिसा त्यात बसत नाहीत. ग्रीन कार्ड किती वर्षांपूर्वी मिळाले, याची अट या योजनेत नाही. पाच वर्षे थांबण्याची जी अट लोकांनी ऐकलेली असते, ती दुसऱ्या योजनांची आहे.

घरातील सगळ्यांचा दर्जा सारखा नसेल तर त्या कुटुंबाला ‘मिश्र’ म्हणतात. निदान एक माणूस पात्र असेल तर कुटुंबाला साहाय्य मिळू शकते, पण पात्र माणसांच्या प्रमाणात. चौघांच्या घरात तिघे पात्र असतील आणि पूर्ण साहाय्य महिन्याला १,२०० डॉलर होत असेल, तर त्याचे तीनचतुर्थांश, म्हणजे ९०० डॉलर मिळतील. अपात्र माणसाने आपल्या दर्जाविषयी दावा करत नसल्याचे लिहून दिले की त्याची कागदपत्रे तपासली जात नाहीत. त्याचे उत्पन्न मात्र पूर्ण धरले जाते. नवरा वारल्यामुळे किंवा सोडून गेल्यामुळे एच-४ व्हिसावरची स्त्री अमेरिकेत जन्मलेल्या दोन मुलांसह अडकून पडते, तेव्हा मुलांच्या नागरिकत्वाच्या आधारे प्रमाणशीर साहाय्याचे दार पूर्ण बंद झालेले नसते, हे तिला बहुतेक वेळा कोणीच सांगत नाही. मिश्र कुटुंबांची ही तरतूद काढून टाकण्याचा प्रस्ताव हडने २०१९ मध्ये मांडला होता आणि २०२१ मध्ये तो मागे घेण्यात आला. हा विषय राजकीय वादाचा असल्यामुळे अर्जाच्या दिवशी कोणता नियम चालू आहे, याची खातरजमा करणे आवश्यक आहे.

जोडीदार अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल आणि त्याच्याकडून छळ झाला असेल, तर स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली, ज्याला ‘वावा’ म्हणतात, पीडित व्यक्तीला त्याच्या मदतीशिवाय स्थलांतराच्या दर्जासाठी स्वतःचा अर्ज करता येतो. असा अर्ज केलेल्या व्यक्तीचा दर्जा घरसाहाय्यासाठी ग्राह्य धरावा, असे हडने डिसेंबर २०१६ मध्ये कळवले. नवऱ्याचाच दर्जा एच-१बी असेल तर हा मार्ग उपलब्ध नसतो, आणि कायद्यातील ही उणीव आपल्या समाजातील स्त्रियांना फार जड जाते. त्याच वावा कायद्यानुसार कौटुंबिक हिंसाचाराचा बळी असल्याच्या कारणावरून कोणालाही व्हाउचर नाकारता येत नाही.

सरकारी मदत घेतली तर पुढे ग्रीन कार्डाला अडथळा येईल का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. सरकारी मदतीवर अवलंबून राहण्याची शक्यता असलेल्याला ग्रीन कार्ड नाकारता येते, या नियमाला ‘पब्लिक चार्ज’ म्हणतात; २०२० ते २०२१ या काळात लागू असलेल्या त्याच्या रूपात सेक्शन ८ मोजले जात होते. २०२२ च्या नियमाने ते वगळले. हा नियम सरकारगणिक बदलत आला आहे, म्हणून ज्यांचे ग्रीन कार्ड अजून व्हायचे आहे, त्यांनी अर्ज करण्यापूर्वी स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला घ्यावा.

काही मनाया थोडक्यात. लैंगिक गुन्हेगारांच्या आजन्म नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीला आणि सरकारी साहाय्य असलेल्या घराच्या आवारात मेथॲम्फेटॅमीन हा अमली पदार्थ बनवल्याबद्दल शिक्षा झालेल्याला कायमची बंदी आहे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी सरकारी साहाय्याच्या घरातून काढले गेले असल्यास तीन वर्षे थांबावे लागते. व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पूर्ण केल्यास सूट मिळू शकते. बाकीच्या गुन्ह्यांबाबतचे धोरण स्थानिक अथॉरिटी ठरवते. चोवीस वर्षांखालील, अविवाहित, मूलबाळ नसलेला महाविद्यालयीन विद्यार्थी स्वतंत्र अर्ज करत असेल, तर सामान्यतः त्याच्याबरोबर त्याच्या पालकांचे उत्पन्नही तपासले जाते.

भाड्याचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. आई आणि दोन मुले, वर्षाचे उत्पन्न ३०,००० डॉलर. दोन मुलांमागे ४८० प्रमाणे ९६० डॉलर वजा केले तर २९,०४० उरतात, म्हणजे महिन्याला २,४२० डॉलर. याचे ३० टक्के म्हणजे ७२६ डॉलर हा कुटुंबाचा मूळ हिस्सा. दुसऱ्या बाजूला अथॉरिटी त्या भागासाठी भाड्याची एक प्रमाण रक्कम ठरवते. ती हडने जाहीर केलेल्या ‘रास्त बाजारभाड्या’च्या सर्वसाधारणपणे ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान असते. ती १,८०० डॉलर आहे असे धरू. वीज-गॅससह घराचे भाडे १,७५० डॉलर पडत असेल, तर कुटुंब ७२६ डॉलर भरेल आणि अथॉरिटी १,०२४ डॉलर देईल. भाडे २,००० डॉलर असेल, तर अथॉरिटीचा हिस्सा १,८०० मधून ७२६ वजा जाता १,०७४ डॉलरवर थांबतो आणि कुटुंबाला ९२६ डॉलर भरावे लागतात.

घर प्रथम घेताना भाडे प्रमाण रकमेपेक्षा जास्त असेल, तर कुटुंबाचा हिस्सा वजावटीनंतरच्या मासिक उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर जाता कामा नये, अशीही अट आहे. या कुटुंबासाठी ते ९६८ डॉलर होतात, म्हणजे २,०४२ डॉलरपेक्षा महाग घर अथॉरिटी मंजूरच करणार नाही, मग वरचे पैसे मुलगा किंवा भाऊ द्यायला तयार असला तरीही.

यादी

बहुतेक अथॉरिटींच्या याद्या बंद असतात आणि अनेक वर्षांनी थोड्या दिवसांसाठी उघडतात. न्यूयॉर्क शहराची यादी २००९ च्या अखेरीस बंद झाली होती. ती जून २०२४ मध्ये आठवडाभर उघडली, तेव्हा सहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि त्यांतून सोडतीने दोन लाख नावे यादीत घेण्यात आली. यादीत नाव लागणे म्हणजे व्हाउचर मिळणे नव्हे. तेथून पुढे पुन्हा वर्षे जातात.

देशभर सुमारे दोन हजार स्थानिक अथॉरिटी हे व्हाउचर चालवतात, आणि एकाच वेळी कितीही ठिकाणी अर्ज करता येतो. शेजारच्या काउंटीची, लहान गावाची, राज्याच्या पातळीवरची यादी उघडली आहे का, यावर लक्ष ठेवणाऱ्याची संधी वाढते. प्रत्येक अथॉरिटीचे प्राधान्यक्रम वेगळे असतात: कोठे स्थानिक रहिवाशांना, कोठे बेघरांना, माजी सैनिकांना, हिंसाचारातून बाहेर पडलेल्यांना किंवा वृद्धांना आधी घेतात. अर्जाला शुल्क नसते. पैसे घेऊन यादीत वर नाव लावून देतो असे सांगणारा फसवत असतो.

यादीतली सर्वांत दुःखद गळती अपात्रतेमुळे होत नाही. अथॉरिटी अधूनमधून ‘अजून मदत हवी आहे का’ असे पत्र किंवा ईमेल पाठवते, मुदतीत उत्तर आले नाही तर नाव काढून टाकते. आणि ज्यांना भाडे परवडत नाही तीच माणसे सर्वाधिक घरे बदलतात. पत्ता, फोन किंवा कुटुंबातील माणसांची संख्या बदलली की प्रत्येक यादीला वेगवेगळे लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवावी लागते. आईवडील अधूनमधून भारतात येऊन-जाऊन असतील, तर टपाल उघडण्याची जबाबदारी कोणीतरी घेतलीच पाहिजे. वृद्धांनी याच्या जोडीला ‘सेक्शन २०२’ खाली बांधलेल्या, ६२ वर्षांवरील कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या इमारतींकडे स्वतंत्र अर्ज करावेत. त्यांच्या याद्या इमारतीनिहाय असतात.

घर शोधताना

व्हाउचर मिळाल्यावर घर शोधायला किमान ६० दिवस मिळतात. मुदतवाढ द्यायची की नाही हे अथॉरिटी ठरवते. अपंगत्वामुळे जास्त वेळ लागत असेल तर तसे लेखी मागता येते. घराची तपासणी होते, आणि भाडे आजूबाजूच्या तशाच घरांच्या मानाने रास्त आहे का, हेही पाहिले जाते. व्हाउचर आहे म्हणून घर नाकारण्यास न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत कायद्याने मनाई आहे. देशभर लागू होणारी तशी केंद्रीय मनाई नाही, आणि टेक्सासने तर २०१५ मध्ये आपल्या शहरांना असे नियम करण्यापासूनच रोखले.

मुलाच्या घराच्या तळघरात किंवा मुलीच्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये व्हाउचरवर भाड्याने राहण्याची कल्पना अनेक आईवडिलांच्या मनात येते. घरमालक हा भाडेकरू कुटुंबातील कोणाचाही आई, वडील, मुलगा, मुलगी, आजोबा, आजी, नातवंड, भाऊ किंवा बहीण असेल, तर अथॉरिटी ते घर मंजूर करू शकत नाही. दिव्यांग व्यक्तीची सोय त्याशिवाय होत नसेल, तेवढाच एक अपवाद आहे. पुतण्या, भाचा किंवा आत्या यांची नावे या यादीत नाहीत.

नकार आल्यास

नकार लेखी आणि कारणासह द्यावा लागतो, आणि अर्जदाराला ‘अनौपचारिक फेरविचार’ मागता येतो. त्यासाठीची मुदत पत्रात लिहिलेली असते व ती बहुधा थोडी असते. फेरविचार करणारी व्यक्ती मूळ निर्णय घेणारी किंवा तिच्या हाताखालची असू शकत नाही, आणि अर्जदाराला आपले म्हणणे तोंडी किंवा लेखी मांडण्याचा हक्क असतो. उत्पन्न चुकीचे मोजले गेले, मुलाने एकदाच दिलेली रक्कम नियमित धरली गेली, भारतातील विकता न येणारी जमीन मालमत्तेत मिळवली गेली, अशा मुद्द्यांवर कागदपत्रांच्या आधारे निर्णय बदलू शकतो. स्थलांतराच्या दर्जावरून नकार आला असेल, तर स्थलांतर खात्याकडे अपील आणि अथॉरिटीकडे सुनावणी असे दोन स्वतंत्र मार्ग उपलब्ध आहेत. आधीपासून व्हाउचरवर असलेल्या कुटुंबाचे साहाय्य बंद करायचे ठरले, तर त्याला रीतसर सुनावणीचा आणि सुनावणीपूर्वी आपल्या प्रकरणातील कागद पाहण्याचा हक्क असतो. अशा प्रकरणांत नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मोफत मदत करणाऱ्या कायदेसाहाय्य संस्था बहुतेक भागांत आहेत, आणि पत्र हातात पडल्याबरोबर, मुदत संपण्याची वाट न पाहता, त्यांना फोन करावा.